रूथमावशी आणि गार होणारं वरण

रूथमावशी देवाशी बोलताना हातातली पळी खाली ठेवत नसत. डोक्यावर पदर, डोळे मिटलेले आणि वरणाने भरलेली पळी तशीच हवेत. समोर आम्ही तीसेक जण मांडी घालून बसलेलो असायचो. काहींच्या गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र लटकत असायचं. ताटात चपाती, भाजी, भात वाढलेला असायचा, पण मावशींचं बोलणं संपेपर्यंत घासाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

"देवा, आजचं जेवण दिलंस, थँक्यू. सिलिंडर उद्यापर्यंत पुरव. लातूरची परीक्षा आहे. त्यानं अभ्यास केलेला नाही, ते तुला माहीतच आहे. तरी बघ काही होतं का. आमेन."

"आमेन!" आम्ही एका सुरात ओरडायचो आणि जेवणावर तुटून पडायचो.

लातूर म्हणजे लातूरकडून आलेला एक मुलगा. मावशी कुणालाच नावानं हाक मारत नसत. "ए नांदेड, भात सांडू नको." "वाशीम, आज तोंड का पाडलंय? सुपरवायझर बोलला का?" त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये निम्मा महाराष्ट्र रोज जेवायला बसायचा आणि एकमेकांच्या ताटातली लोणच्याची फोड पळवायचा. मी आणि माझा मोठा भाऊ बालाजी दोघंही परभणीचे. म्हणून तो थोरलं परभणी आणि मी धाकटं परभणी.

बारावीनंतर मी चाकणजवळ निघोजेला आले. दादा इथल्या एका कंपनीत लागला होता आणि मला चाकणच्या कॉलेजात बी.ए.ला प्रवेश मिळाला होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळं कॉलेजात जाऊन नेमकं काय करायचं असतं, हे सांगणारं घरी कुणी नव्हतं. वडील फोनवर विचारायचे, "सगळं बरोबर चाललंय ना?" मी "हो" म्हणायचे. बरोबर म्हणजे काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

पहिल्या संध्याकाळी दादा मला मेसवर घेऊन गेला. ती पळी, ते मिटलेले डोळे बघून आणि शेवटची ती गर्जना ऐकून मी घाबरले. दुसऱ्या दिवशी मावशींची प्रार्थना सुरू असताना मी दादाच्या कानात विचारलं, "आपण पण म्हणायचं असतं का ते?"

"म्हणून टाक," दादा कुजबुजला. "नाही म्हटलं तर वरण मिळत नाही."

"मिळतं रे," डोळे न उघडता मावशी म्हणाल्या. "खोटं सांगू नको पोरीला. देवा, थोरल्या परभणीला अक्कल दे. ए पोरी, तुला नसेल म्हणायचं तर नको म्हणू. पण मी बोलत असताना चपाती तोडायची नाही. मोठी माणसं बोलत असतात."

मोठी माणसं म्हणजे त्या आणि देव.

मावशी मूळच्या नेवाशाकडच्या. लग्न होऊन इकडं आल्या. त्यांचे मालक इथल्याच एका कारखान्यात प्रेस मशिनवर कामाला होते. ते लवकर गेले. मावशींनी काही वर्षं एका कंपनीत साफसफाईचं काम केलं. मग एकदा त्यांना आपल्या दाराच्या पायरीवर एक नवा ट्रेनी मुलगा पाण्यात बिस्किटं बुडवून खाताना दिसला. तेच त्याचं जेवण होतं. मावशींनी त्याला आत बोलावून ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी तो दोन मित्रांना घेऊन आला.

"देवाचं बोलावणं असं येतं," मावशी सांगायच्या. "लोकांना वाटतं उजेड पडतो, आवाज होतो, देवदूत येतो. माझ्याकडं बिस्किटवाला आला. आणि मित्र घेऊन आला, नालायक."

त्यांच्या बोलण्यात देव हा नेहमी शेजारच्या खोलीत असल्यासारखा असायचा. त्या त्याच्यावर ओरडायच्या, त्याला कामं सांगायच्या, त्याची बाजूही घ्यायच्या. एकदा आमटीत मीठ पडलं नव्हतं. लातूर म्हणाला, "राहू द्या मावशी, चालतंय."

"तुला चालतंय. तुझी जीभ आठवडाभर वडापाव खाऊन मेलेली आहे. त्याला नाही चालत," मावशी वर बोट करून म्हणाल्या आणि पंगतीतून सगळ्यांच्या वाट्या उचलून परत पातेल्यात ओतायला निघाल्या. आम्ही त्यांना कसंबसं थांबवलं. मग मीठ घेऊन प्रत्येकाच्या वाटीत स्वतः चिमूट चिमूट टाकत फिरल्या. "चर्चमध्ये गाणारे त्याच्याकडं भरपूर आहेत. निम्मे बेसूर आहेत, तरी तो ऐकून घेतो. पण माझ्या वाट्याला त्यानं हे पातेलं दिलंय. आमटी अळणी झाली म्हणजे माझं भजन बेसूर झालं."

आमच्या उपासांचं मात्र त्यांना फार. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, कुणाचा सोमवार, कुणाचा शनिवार, सगळं तोंडपाठ. साबुदाण्याची कढई वेगळी, तिला कांद्याचा वास लागू द्यायच्या नाहीत. एकदा शनिवारी वाशीमनं विसरून अंड्याच्या रश्शाकडं हात नेला. मावशींनी त्याच्या हातावर लाटणं मारलं. "आज तुझा शनिवार आहे ना? तुझ्या मारुतीला मी काय तोंड दाखवू?"

त्यांचे स्वतःचे उपास ईस्टरच्या आधी यायचे. त्या दिवसांत त्या चहा सोडायच्या. दुसरं काही सोडलं असतं तर चाललं असतं. चहा सुटला की मावशी इतक्या चिडखोर व्हायच्या की आम्ही ताटावरून मान वर करत नसू. लातूर म्हणायचा, "प्रभूनं आमच्यासाठी दुःख सोसलं म्हणतात, पण हिच्या चहापायी आम्ही सोसतोय त्याचं काय?" मावशींनी ते ऐकलं आणि चहाशिवायच्या दिवसांत पहिल्यांदाच हसल्या.

एकदा मी भांडी विसळायला थांबले होते. मी जरा भीत भीतच विचारलं, "मावशी, तुमच्या देवाबद्दल सांगा ना काहीतरी."

"आधी ते पातेलं नीट घास. बुडाला भात आहे."

मी घासलं. मग त्या बादलीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघ. त्याला मारलं, पुरलं आणि तो उठला. आता मरून परत आलेल्या माणसाला किती कामं असतील? ज्यांनी मारलं त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं होतं की नाही? मी तर आधी तिथंच गेले असते. हा कुठं गेला? तळ्याच्या काठी. त्याचे मित्र मासे धरायला गेले होते. त्यानं काठावर कोळसे पेटवले, मासे भाजले, भाकरी ठेवली आणि त्यांना हाक मारली, चला खायला. अगं, ह्या मित्रांनीच त्याला ऐन वेळी सोडलं होतं. एक शब्द न बोलता नाश्ता! आणि जेवण झाल्यावर त्यातल्या एकाला सांगितलं, आता माझ्या माणसांना तू खाऊ घाल."

"म्हणून तुम्ही मेस काढली?"

"पाळकसाहेब म्हणतात, त्या खाऊ घालण्याचा अर्थ आध्यात्मिक आहे. मी म्हटलं, अर्थ तुम्ही सांभाळा, मी भात सांभाळते."

पाळकसाहेब म्हणजे त्यांच्या चर्चचे धर्मगुरू. उंच, गोरे, फार सभ्य. मावशी रविवारी सकाळी आमचे पोहे उरकून बसनं त्यांच्या चर्चला जायच्या. साहेब कधीमधी मेसवर यायचे. एकदा आले तेव्हा मावशींनी त्यांना जेवणाची प्रार्थना करायला सांगितलं. साहेबांनी आकाश आणि पृथ्वीच्या निर्मितीपासून सुरुवात केली. ते समुद्रातल्या माशांपर्यंत पोचले तेव्हा वरणावर साय धरली होती. मावशींनी एक डोळा उघडला, आमच्याकडं पाहिलं, वाटीला हात लावून बघितला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आमेन!"

आम्ही सगळे "आमेन!" म्हणून तुटून पडलो. पाळकसाहेबांचं वाक्य तसंच अर्धं राहिलं.

जेवण झाल्यावर साहेब हळू आवाजात म्हणाले, "रूथबाई, इतकी वर्षं इतकी तरुण मुलं तुमच्या दारात येतात. चर्चच्या मंडळीपुढं कधी साक्ष द्या, देवानं तुमच्या हातून काय केलं ते सांगा. किती आत्मे प्रभूकडं आले?"

"आत्म्यांचं मला नाही सांगता येणार साहेब," मावशी म्हणाल्या. "ते दिसत नाहीत. पोटं आली."

साहेबांनी नाराजीनं मान हलवली. बाकीच्यांच्या साक्षी ऐकण्यासारख्या असतात, असंही म्हणाले. ते गेल्यावर मावशी बराच वेळ परात पुसत होत्या. परात केव्हाच कोरडी झाली होती.

मग दादानं तो घोळ केला.

दिवाळीला आम्ही गावी गेलो होतो. काकांनी नवीन घर बांधलं होतं आणि सत्यनारायण घातला होता. काका गावातलं मोठं प्रस्थ, त्यामुळं अंगण माणसांनी भरलेलं. कथा संपली. गुरुजींनी सगळ्यांना डोळे मिटून हात जोडायला सांगितलं. एकदम शांतता झाली. समोर केळीच्या पानावर शिरा होता, डोळे मिटलेले होते आणि दादाला भूक लागली होती. चार वर्षांची सवय. त्या शांततेत दादा खणखणीत आवाजात म्हणाला, "आमेन!"

गुरुजींच्या हातातली पळी तिथंच थांबली. काकूंना वाटलं, चाकणकडं असंच काहीतरी म्हणत असतील. चुलत भावंडं पोट धरून हसायला लागली. काका हसले नाहीत.

"तिकडं हेच शिकवायलेत का तुम्हाला?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. दादा मेसचं सांगायला लागला, तसा घोळ आणखी वाढला. वडिलांनी त्या दिवशी शिरा खाल्ला नाही. सकाळी मला म्हणाले, "तू आता इकडंच राहिलेलं बरं. कॉलेज काय, परभणीतही आहे." आईनं मध्ये पडून ते पुढं ढकललं. आम्ही निघोजेला परत आलो, पण काकांनी तोवर चाकणच्या कुणा ओळखीच्या माणसाला फोन केला होता.

त्याच आठवड्यात मेसवर तीन तरुण आले. बरोबर शेडचे मालक, तात्या. तात्या गावातले जुने शेतकरी. जमिनी कंपन्यांत गेल्या, मग त्यांनी उरलेल्या तुकड्यावर खोल्या आणि ही शेड बांधली. ते दारातच उभे राहिले, अपराधी चेहरा करून.

मावशी चपात्या लाटत होत्या. तरुणांतला पुढचा म्हणाला, "मावशी, तुम्ही मुलांना प्रार्थना करायला लावता म्हणे."

"लावते ना. जेवायच्या आधी हात धुवायला लावते, ताटात टाकू नका म्हणते, आईला फोन करा म्हणते. यातलं एक तरी ऐकतात का, ते विचारा."

"विषय हसण्यावारी नेऊ नका. धर्मांतराची तक्रार आहे."

"कुणाचं झालं?" मावशी लाटणं थांबवून म्हणाल्या. "झालं असेल तर मला पण दाखव बाबा. आमचे पाळकसाहेब किती वर्षं विचारतायत. एकाचं तरी नाव सांगता आलं तर माझीही मान वर होईल."

मागचा एक जण फसकन हसला आणि पुढच्यानं वळून बघितल्यावर गप्प झाला.

"अरे बाबा, ह्या पोरांना मी सकाळच्या शिफ्टला वेळेवर उठवू शकत नाही," मावशी म्हणाल्या. "धर्म कुठून बदलू त्यांचा?"

पण ते ऐकायला आले नव्हते. त्यांनी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी टोपी काढून परत घातली.

"बाई, माझं काय न्हाई. पर मला कटकट नगं. आमाला गावात ऱ्हायचं हाय. ती तुमची प्रार्थना तेवढी बंद करा, मंग मेस चालू ऱ्हाऊ द्या. न्हाईतर जागा सोडावी लागंल बगा."

ते गेले. तव्यावरची चपाती जळाली होती. मावशींच्या हातून चपाती जळलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"मग काय करायचं?" मी विचारलं. मला रडायला येत होतं, कारण हे सगळं आमच्या घरातून सुरू झालं होतं.

मावशी जळकी चपाती बाजूला ठेवत म्हणाल्या, "प्रार्थना सोडली तर मी नुसती खानावळवाली. आणि मेस सोडली तर नुसती प्रार्थनावाली. दोन्हीकडून मी अर्धीच उरते की गं." मग कणकेचा पुढचा गोळा उचलून म्हणाल्या, "विचारते त्याला."

रविवारी त्या चर्चला गेल्या. पाळकसाहेबांना हे समजल्यावर ते एकदम ताठ झाले. हा छळ आहे, असे प्रसंग भाग्यवंतांवरच येतात, तुम्ही ठाम राहा, आपण सगळी मंडळी तुमच्यासाठी उपास धरू, असं ते म्हणाले. मावशींनी परत येऊन आम्हाला ते सांगितलं आणि वर म्हणाल्या, "मला हुतात्मा व्हायला वेळ नाही रे. कणीक मळायची राहिलीय."

"पण देव काय म्हणाला?" दादानं विचारलं. तो त्या आठवड्यात नीट जेवतही नव्हता.

"म्हणाला, आधी पोरांना वाढ. माझं बघू नंतर."

त्या संध्याकाळी ताटं वाढून झाली आणि मावशी पळी घेऊन उभ्या राहिल्या. सवयीनं पदर डोक्यावर गेला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि काही न बोलता वाढायला लागल्या. त्यांच्याकडं बघवत नव्हतं. पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "नाकारलं नाही हो साहेब त्याला. तो जरा मागं थांबलाय. त्याला सवय आहे."

इथं एक अडचण झाली, जी तात्यांच्या किंवा त्या तरुणांच्या लक्षात आली नव्हती. आम्हाला जेवायला सुरुवात कशी करायची, तेच कळेना. इतकी वर्षं आमेन म्हणजे आमची शिट्टी होती. आता नांदेडनं घास उचलला, तर वाशीम थांबलेला. वाशीमनं उचलला, तर बाकीचे त्याच्याकडं असे बघायला लागले की त्यानं परत ठेवला. वरण गार होत चाललं.

"मावशी, सुरू करू का?" लातूरनं विचारलं.

"मला काय विचारतोस?" मावशी शेगडी पुसत म्हणाल्या. "जागा तात्यांची, नियम तात्यांचा. त्यांनाच विचार."

त्या रागानं म्हणाल्या होत्या. पण दादानं खिशातून फोन काढला आणि खरंच तात्यांना लावला. स्पीकरवर.

"तात्या, मी मेसवरून बोलतोय. ताटं वाढलीत. जेवायला सुरू करू का?"

"आँ? मला कशाला इचारतो? गिळा की!"

"बरं तात्या. थँक्यू." दादानं फोन ठेवला आणि आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडनं फोन केला. "तात्या, पोहे झालेत. सुरू करू का?" संध्याकाळी वाशीमनं. मग लातूरनं. प्रत्येक जेवणाला वेगळा नंबर. तात्या शिव्या द्यायचे, आम्ही थँक्यू म्हणायचो. तात्यांनी फोन बंद ठेवला, तर मुलांनी त्यांच्या मुलाला लावला. "तात्यांना विचारून सांगता का जरा, वरण गार होतंय." एकदा तात्या कुणाच्या तरी साखरपुड्यात होते. तिथं भर मंडपात त्यांचं ओरडणं फोनवरून आम्हाला ऐकू आलं, "खा म्हन्तो ना! खा!" आणि मागून बायकांचं हसणं.

"पाप आहे हे," मावशी आम्हाला म्हणायच्या. "म्हाताऱ्या माणसाला असा त्रास देतात का?" मग पळी धुता धुता विचारायच्या, "आज कुणाची पाळी आहे?"

आठवड्याच्या आत तात्या स्वतः मेसवर आले. दारातूनच ओरडत आले. "आरं काय लावलंय रं तुमी? माज्या बायकूनं मला घरात जेवताना इचारलं, 'तात्या, सुरू करू का?' घरची बी चेष्टा करायला लागली!"

"बसा तात्या," मावशी म्हणाल्या आणि त्यांच्यापुढं ताट ठेवलं.

"जेवाया न्हाई आलो."

"आलायत तर बसा. पाय दुखतोय ना? भिंतीला टेकून बसा."

तात्या बसले. गुडघा धरून, कण्हत. त्यांच्या ताटात भात पडला, वरण पडलं, तूप पडलं. त्यांनी घास घ्यायला हात पुढं केला. मग त्यांचं लक्ष आमच्याकडं गेलं. तीसेक जणांपैकी एकही जेवत नव्हता. सगळे त्यांच्याकडं बघत होते. दादानं फोन कानाला लावला. तात्यांच्या खिशात फोन वाजायला लागला.

तात्यांनी खिसा दाबून धरला. "बाई," ते म्हणाले, "तुमचं काय आसंल ते म्हणा एकदाचं. त्या तिघा पोरांचं मी बगतो. त्यातला एक आमच्याच भावकीतला हाय, त्याच्या बापाला सांगतो. पर ह्यो फोन थांबवा."

मावशींनी हात पुसले. मग पदर डोक्यावर गेला, पळी वर गेली.

"देवा, आजचं जेवण दिलंस, थँक्यू. पोरांनी तात्यांना त्रास दिला, त्यांना माफ कर. फार नको करू, थोडं कर. तात्यांच्या गुडघ्याकडं बघ. आमेन."

आम्ही "आमेन" म्हणालो तेव्हा शेडचा पत्रा हलला. तात्या घास कालवत मान हलवून म्हणाले, "व्हय."

त्यानंतर गावाकडचंही निवळलं. वडील एकदा ज्वारीचं पीठ घेऊन आले. मावशींच्या हातची भाजी खाल्ली, दोघांनी ज्वारीवर पडलेल्या रोगाबद्दल बराच वेळ चर्चा केली आणि जाताना मला म्हणाले, "कॉलेज पूर्ण कर." दादाला फक्त एवढंच म्हणाले की लग्नकार्यात तोंड बंद ठेवत जा.

शेवटच्या वर्षाला असताना मी मावशींना विचारलं होतं, "मला पुढं काय करायचं तेच कळत नाही. तुम्हाला तुमचं काम कसं कळलं?" मला वाटलं होतं, त्या देवाचं काहीतरी सांगतील.

"मला कुठं काय कळलं? मला एक उपाशी पोरगा दिसला. तू पण बघत राहा. दिसेल कुणीतरी." आणि मग, "तोवर ती कोथिंबीर निवड."

मावशी त्याच वर्षी, ईस्टरच्या आधीच्या उपासात वारल्या. दुपारी कणीक मळून परात झाकली आणि जरा पडते म्हणाल्या. उठल्याच नाहीत. तात्या बातमी ऐकून धावत आले आणि दाराशीच बसून लहान मुलासारखे चिडले. "चा बी न पिता गेली बाई. घोटभर घ्यायचा व्हता. देव काय नगं म्हनला आसता का?"

मातीला खूप माणसं होती. जुने ट्रेनी तळेगावहून, सांगवीहून आले. कुणी सुट्टी टाकून, कुणी गणवेशावरच. पाळकसाहेब कबरीपाशी उभे राहून आमच्याकडं बघत होते. मोजत असावेत, असं मला वाटलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

आम्ही परत शेडवर आलो. चूल पेटवायची नव्हती म्हणून तात्यांच्या सुनांनी घरून पिठलं-भाकरी पाठवली होती. मुलं नेहमीसारखी ओळीनं बसली. कुणीच ताटाला हात लावेना. तेव्हा पाळकसाहेब उभे राहिले, डोळे मिटले आणि त्यांनी आकाश आणि पृथ्वीच्या निर्मितीपासून सुरुवात केली.

"साह्यब," भिंतीला टेकून बसलेले तात्या म्हणाले, "आटपा. पोरं भुकेली हायत."

साहेबांनी डोळे उघडले. आम्हाला वाटलं, आता रागावतील. त्यांनी एकदा पिठल्याच्या पातेल्याकडं पाहिलं. "देवा," ते म्हणाले आणि थांबले. "देवा, आजचं जेवण दिलंस. थँक्यू. आमेन."

"आमेन," आम्ही म्हणालो.

"व्हय," तात्या म्हणाले.

पण पिठलं अजून पातेल्यातच होतं. वाढायला कुणीच उभं नव्हतं आणि सगळे खुंटीवरच्या मावशींच्या पळीकडं बघत होते. कोपऱ्यात एक नवा मुलगा होता, त्याच आठवड्यात आलेला, कुठल्या जिल्ह्याचा ते मावशींनाही विचारायचं राहिलं असेल. तो रिकामं ताट धरून बसला होता. मी उठले, पळी काढली आणि त्याच्यापासून सुरुवात केली.

"तू कुठला रे?" मी विचारलं.

तो सांगणार तेवढ्यात मागून लातूर ओरडला, "ए धाकटं परभणी, इकडं पण वाढ. गार होतंय."